न उघडलेली गुटी

बोरखिंडीच्या प्रार्थनामंदिराच्या पांढऱ्या भिंतीवर, अगदी पायथ्याशी, त्या आषाढात ओलीची एक तपकिरी रेघ दिसू लागली. पाणी अजून लांब होते. पण जमिनीतली ओल पाण्याच्या पुढे चालते आणि चुना तिला लपवू शकत नाही. रेघ हळूहळू वर चढत होती. मंडळीतले लोक तिच्याकडे पाहत आणि भलत्याच विषयावर बोलत.

नदीवर धरण पुरे झाले होते आणि बोरखिंड बुडणार होती. ख्रिस्ती मंडळीला वरच्या माळावर एकत्र जागा मिळत होती, मंदिरासकट. मात्र 'आम्ही सगळे येतो' असे पंचाने सरकारी मोजणीदाराला सांगायला हवे होते. नाहीतर घरे निरनिराळ्या गावांत विखुरली असती. पंच होते दौलतराव साळवे. मंदिर त्यांच्या आजोबांनी बांधलेले. गेली काही वर्षे त्यांचे उत्तर एकच होते : "बघू."

अशा वेळी शांतवनबाबा महाराज बोरखिंडीत आले. महाराज पायी फिरत, प्रभूची भजने गात, मिळेल ती भाकरी खात. दौलतरावांचा होकार मिळवायला ते पूर्वीही येऊन गेले होते आणि दर वेळी 'बघू' ऐकून परतले होते. आता ते वैतागले होते. संतांनाही वैताग येतो. ते तो आधी प्रभूजवळ बोलून दाखवतात, एवढाच फरक.

मंदिर झाडायला रिबकाबाई नावाची विधवा होती. अंगणातले डाळिंबही माळावर न्यावे, असे तिच्या मनाने घेतले होते. मिशनच्या बागेत तिने गुटी बांधताना पाहिले होते : फांदीभोवतीची कड्याएवढी साल काढायची, तिथे ओली माती आणि शेण लावून गोणपाट गुंडाळायचे, आणि मुळे फुटली की फांदी खालून कापून दुसरीकडे लावायची. पण रिबकाबाईची एकही गुटी जगत नसे. मुळे आली का, हे पाहायला ती सारखी गोणपाट सोडी.

स्वतःच्या जिवाचेही तिने तेच चालवले होते. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने आपले मन तपासावे, अशी शिकवण आहे. ती तपासी, काहीतरी खोट सापडे, आणि ती प्रभूच्या मेजावरची भाकर न घेता दाराशी बसून राही. कैक वर्षे असेच चालले होते.

त्या रविवारी दौलतरावांनी तिला फांदीशी पाहिले.

"काय गं रिबके, माझ्या आज्याचं झाड सोलतेस होय?"

"अण्णा, वर न्यायला गुटी बांधलीय."

"तुझ्या गुट्या गावाला ठाऊक आहेत. मेजाशी यायचं धाडस नाही, आणि झाड नेणार!" असे म्हणून त्यांनी गोणपाटाच्या खालीच फांदी मोडली आणि पायरीवर टाकली. लोक हसले. रिबकाबाईने पदर तोंडाला लावला.

महाराजांनी फांदी उचलली. "दौलतराव, माळाचं काय ठरलं?"

"बघू, बाबा. घाई कशाला?"

"घाई पाण्याला आहे. मला दम नाही आणि त्याला तर अजिबात नाही."

बोरखिंडीत एक रिवाज होता. पंचाने उठून 'मेज निर्मळ आहे' म्हटल्याशिवाय भाकर मोडत नसत. सगळे आत येऊन बसले, तसे दौलतराव सवयीने उठले. महाराजांनी हात वर केला.

"आज नको. मन तपासलंत?"

"तपासलं. काही सापडलं नाही."

"काहीच नाही? मग तुम्ही दिवा न लावता शोधलंत." महाराजांनी मोडलेली फांदी कोनाड्यात ठेवली. "पुढच्या रविवारी मेज मांडू. तोवर हिला कोणी पाणी घालायचं नाही, उघडायचं नाही. ऐकलंस ना, बाई?"

"बाबा, एकदा नुसतं चाचपून…"

"हात मागे!" महाराज म्हणाले. "पेरलेलं रोज उकरून पाहिलं तर उगवायचं कधी? एकदा बघावं, प्रभूच्या हाती द्यावं, आणि झाकून ठेवावं. तू झाकत नाहीस आणि हे उघडत नाहीत. प्रभो, दोघांना एकाच मंडळीत कशाला रे घातलंस?"

आठवडाभर रिबकाबाई कोनाड्याखालची जमीन झाडत राहिली; हात मात्र वर नेला नाही. फांदीची पाने गळून पडली. दौलतराव येता-जाता म्हणत, "झालं सरपण." शनिवारी धरणाचे पाणी ओढ्यातून अंगणात शिरले.

रविवारी मोजणीदार दारातच उभा राहिला. त्याचे जोडे भिजले होते. "साळवे, आता शेवटचं विचारतो. संध्याकाळी वरच्या जागा दुसऱ्यांना जातील."

दौलतरावांनी तोंड उघडले. 'बघू' ओठांवर आलेच होते. महाराजांनी फांदी त्यांच्या हाती दिली.

"उघडा."

"बाबा, हे वाळलेलं लाकूड आहे."

"मग भीती कसली?"

दौलतरावांनी सुतळी सोडली. गोणपाट कोरडे ठणठणीत होते आणि माती भेगाळलेली होती. तिचे ढेकूळ त्यांच्या तळहातावर फुटले. आत सालीच्या जखमेभोवती मुळे होती. पांढरी, ओली, सुतासारखी, दाट. झाडापासून तुटलेल्या, पाण्याचा थेंब न मिळालेल्या फांदीला मुळे फुटली होती! प्रभूची करणी अशी. जिथे माणसाचे हिशेब थांबतात, तिथे ती गुपचूप काम करत असते.

रिबकाबाई दाराशी उभी राहून रडत होती.

"साल सोलल्याशिवाय इथं मूळ फुटत नाही," महाराज हळूच म्हणाले. "तुमची कुठं सोलवटते, दौलतराव?"

मग दौलतराव म्हणाले, "खाली मी साळव्यांचा नातू आहे. पहिल्या बाकावर बसतो. वर चिठ्ठ्या टाकून घरं मिळणार. तिथं मी कोण?" त्यांनी त्या बाकाकडे पाहिले. "मंदिरासाठी अडून बसलो असं सांगत आलो. अडलो होतो त्या बाकासाठी."

ते दाराशी गेले. पंचाने तिच्यापुढे वाकावे, हे रिबकाबाईला सोसवेना. ती मागे सरली. तरी ते वाकले. फांदी दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "बाई, मी मोडली. लाव तू. आणि आज मेजाशी ये."

"अण्णा, माझ्या मनात अजून…"

"झाकून ठेव," महाराज म्हणाले.

ती आत आली. मेजावर भाकर मांडलेली होती. रिवाजाप्रमाणे दौलतराव उभे राहिले, पण तोंड त्यांनी दाराकडे केले. उंबऱ्यापाशी पाणी आले होते आणि मोजणीदार पाय वर घेऊन उभा होता.

"आम्ही सगळे माळावर येतो," दौलतराव मोठ्याने म्हणाले. "एकही घर मागे राहणार नाही."