विकराचा दुसरा कप्पा

‘आणि पुढे कोणीच तपासत नाही?’ पूर्णबोध स्वामींनी विचारले.

‘कोणीही नाही, स्वामीजी,’ डॉ. अच्युत मणेरीकर म्हणाले. ‘पेशीत प्रथिने रचणारे यंत्र केवळ वाहकाकडे पाहते. त्याच्या पाठीवर कोणते अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला कोणता मणी आहे, हे ते पाहतच नाही. वाहक ओळखीचा दिसला, की त्याच्यावरील आम्ल मुकाट्याने साखळीत गुंफते.’

‘म्हणजे वेष पाहते. आतला माणूस पाहत नाही.’

‘होय… तसे म्हणता येईल.’

खाडीकाठच्या त्या मठात दुपारची सामसूम होती. दोघांच्या मध्ये पाटावर एक भगवी छाटी घडी करून ठेवली होती. सायंकाळी दीक्षेच्या वेळी ती अच्युतरावांना मिळावयाची होती. संशोधनसंस्थेतून निवृत्त झाल्यावर घर मुलींच्या स्वाधीन करून ते मठात आले, ते याच सायंकाळसाठी.

‘मग वाहकाच्या पाठीवर ते आम्ल चढवितो कोण?’

‘विकर. एन्झाइम म्हणतात तेच.’ अच्युतरावांचा स्वर उंचावला. ‘प्रत्येक आम्लासाठी स्वतंत्र विकर असते. ते आपले आम्ल निवडते आणि त्याच्याच वाहकाला जोडते. सगळी भिस्त त्याच्यावर. मी उभे आयुष्य अशा एका विकरापाशी काढले आहे. या विषयात माझा शब्द प्रमाण मानतात.’

‘बरे झाले. म्हणजे मी योग्य माणसालाच विचारतो आहे. ते फसते का?’

‘फसू शकते. त्याला हवे असते आयसोल्युसीन. व्हॅलीन नावाचे दुसरे आम्ल अगदी तसेच दिसते. केवळ एका कार्बनाने लहान. जी आम्ले मोठी आहेत, ती विकराच्या पहिल्या कप्प्यात शिरूच शकत नाहीत. परंतु हे लहान असल्यामुळे निमूटपणे आत जाऊन बसते. कित्येकदा जोडलेही जाते.’

‘आणि मग?’

‘मग दुसरा कप्पा. तो पहिल्याहून अरुंद. त्यात जे मावते, ते कापून टाकले जाते.’

स्वामी किंचित पुढे झुकले. ‘आणि जे योग्य आहे, ते?’

‘ते त्यात मावत नाही. म्हणून तर वाचते!’

…

स्वामींनी पाटावरच्या छाटीवर हात ठेवला.

‘अच्युतराव, मठात आल्यापासून कोणत्या कामाला तुम्ही नाही म्हणालात?’

‘एकाही नाही. गोठा सारवला, भांडी घासली, ग्रंथ लावले. आपण सांगावे आणि मी “जशी आज्ञा” म्हणावे. इतर शिष्य कुरकुरतात. मला मात्र जेथे ठेवलेत, तेथे मी मावलो.’

‘आज पंक्तीत मी तुम्हांला काय सांगितले?’

‘त्या वाटसरूला उठवावयास.’

‘पान वाढून झाले होते?’

‘… झाले होते.’

‘मठाचा नियम काय आहे?’

येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो नियम अच्युतरावच अभिमानाने सांगत असत. पान वाढल्यावर येथे कोणालाही उठवीत नाहीत. मग तो कोणीही असो.

‘त्याचा काही अपराध होता?’

‘मला ठाऊक नाही.’

‘विचारलेत?’

‘आपली आज्ञा होती, स्वामीजी!’

‘होती. तो तुम्हांला काय म्हणाला?’

‘म्हणाला… “भाताला हात तरी लावू द्या, मालक.”’

‘मग?’

‘मी त्याचा दंड धरला.’

बोलता बोलता अच्युतराव थांबले. त्यांची दृष्टी छाटीकडे गेली.

‘ही माझी परीक्षा होती? एका उपाशी माणसाच्या पानावर आपण माझी परीक्षा घेतलीत? मग ते पाप आपलेही आहे!’

‘आहे,’ स्वामी शांतपणे म्हणाले. ‘माझे पान आत झाकून ठेवले आहे. मीही उपाशीच आहे. हे पाप आहे, असे तुम्ही मघाशी पंक्तीतच म्हणाल, म्हणून मी कान लावून बसलो होतो.’

…

स्वामींनी छाटी उचलली आणि मागच्या फडताळात ठेवून दिली. नंतर रिकामा झालेला पाट हाताने पुसून अच्युतरावांच्या पुढे सरकविला.

बाहेर पारावर तो वाटसरू ऊन उतरण्याची वाट पाहत बसला होता. दारातून त्याची पाठ दिसत होती.

अच्युतरावांनी पाट उचलला. उंबरठ्यापर्यंत गेले… आणि तेथेच घुटमळले.

‘त्यांना आत बोलावू का?’ त्यांनी मागे वळून विचारले. ‘आज्ञा व्हावी, स्वामीजी.’

स्वामींनी डोळे मिटून घेतले.

‘आज्ञा संपल्या, अच्युतराव.’