कटूरेची दुसरी पखाल

"अब्राहामाची ही बायको नवी कुठली, ती तर…"

एवढंच तिर्साच्या कानावर पडलं आणि विहिरीवरच्या बाया गप्प झाल्या. कारण घडा घेऊन कटूरा स्वतःच येत होती.

ही गोष्ट फार जुनी, बैरशेबाच्या विहिरीभोवती घरं कमी आणि तंबू जास्त होते तेव्हाची. पहिली बायको सारा वारल्यावर अब्राहामानं उतारवयात कटूरेशी लग्न केलं. ती धूप गोळा करणाऱ्यांची लेक. झाडाला चीर द्यायची आणि डिंक वाळेपर्यंत मुकाट थांबायचं, हे तिच्या माहेरचं काम. तिला सहा मुलगे झाले, सहाही हाताशी आले.

तिर्सा तिची शेजारीण. अर्धी बातमी पोटात ठेवून तिला घास गोड लागेना. संध्याकाळपर्यंत तिनं उरलेली अर्धी खणून काढली. बाया म्हणत होत्या, ही हागारच आहे. हागार म्हणजे त्या घरची जुनी दासी. अब्राहामापासून तिला मुलगा झाला होता. साराच्या हट्टापायी त्या मायलेकरांना भाकरी आणि एक पखाल पाणी देऊन रानात धाडलं होतं. तीच आता नाव बदलून परत आली म्हणे.

"अगं, पण वय?" तिर्सानं विचारलं.

"ज्या घरात सारा नव्वदीत बाळंत झाली, तिथं वय कसलं बघतेस?"

पुढं अब्राहामानं ठरवलं, वारसा साराच्या लेकाचा, इसहाकाचा. या सहा जणांना देणग्या देऊन पूर्वेला पाठवायचं. कटूरा रडली नाही, भांडली नाही. गड्यानं एकेका उंटाला एकेक पखाल बांधली, तेव्हा मात्र ती वाटेत उभी राहिली.

"एक पुरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. धन्यांना सांग, दोन मिळाल्याशिवाय माझं पोर विहीर सोडणार नाही."

हे ऐकून म्हाताऱ्यानं मान खाली घातली, असं म्हणतात. दोन-दोन पखाली आल्या. धाकट्या शूहाला तेवढी एक कमी पडली. कटूरेनं तंबूतून एक जुनी, काळवंडलेली पखाल आणली. तिर्सानं पुढं वाकून पाहिलं. पखालीला लाल दोऱ्याचं ठिगळ होतं. तो वाकडा टाका तिर्साचाच. अगदी लहानपणी हागारजवळ बसून शिवण शिकताना घातलेला. हागारचा चेहरा आता आठवत नव्हता, टाका आठवत होता.

"म्हणजे तू हागारच."

"पखाल तिची, तिर्साबाई. मी ती नाही. मी परकरात होते तेव्हा लेकाला घेऊन ती आमच्या तळावर आली. रानात पखाल आटल्यावर पुढं तिला पाणी सापडलं होतं, पण आटली ती दुपार काही विसरली नव्हती. पखाल मला दिली आणि म्हणाली, जाणाऱ्याला एका पखालीवर धाडू नकोस."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? तुम्ही सगळ्या माझ्या पाठीमागंच बोलत होता."

तिर्सानं पखाल घेतली आणि स्वतः पाणी शेंदून गळ्यापर्यंत भरली.

सहाही भावांना आपापली विहीर सापडेपर्यंत ती पखाल आटली नाही, असं म्हणतात. ते जिथं मुक्काम करत तिथं आईनं दिलेला धूप जाळत, आणि पूर्वेच्या वाऱ्यावर त्याचा वास थेट तिच्या तंबूपर्यंत येई. कटूरा बोटांवर सहा मोजी, मगच जेवायला बसे.

त्या विहिरीवरून पूर्वेला निघणाऱ्याला अजून दोन पखाली देतात, तो कुणाचा कोण हे न विचारता. दुसरीला लाल दोऱ्याचा एक टाका मुद्दाम वाकडा घालतात. देणारी म्हणते, "ही कटूरेची." एखादी म्हातारी हळूच सांगते, "हागारची गं." पाणी भरणारी दोघींनाही नाही म्हणत नाही.