रिकाम्या भांड्याची वजाबाकी

“आणि भिंतीतून किती गेली?”

निजसुरे सरांनी हे भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. हेमांगीला मनातून हसू आलं. सहा वर्षं ती ज्याच्या मागे हात धुऊन लागली होती ते उत्तर तिने टेबलावर पसरलं होतं, आणि या म्हाताऱ्याला आठवली ती भिंत!

एक पोलादी भांडं. आत हेलियम वायू, उणे दोनशे अडुसष्ट अंशांवर. तळाला जराशी ऊब द्यायची, झाकण गारच ठेवायचं. मग आतला वायू खालीवर नुसता थैमान घालतो. ते थैमान वाढवत न्यायचं आणि ते किती उष्णता वर नेतं ते मोजायचं. काम एवढंच.

आलेखावर हेमांगीची रेघ साऱ्या जगाच्या रेघेपेक्षा सपाट निघाली होती. म्हणजे नवा नियम. उद्या शोधनिबंध छापायला धाडायचा होता. त्याआधी सरांनी एकदा ‘शाब्बास’ म्हणावं, तेवढ्यासाठी ती त्यांच्या घरी आली होती.

“भांड्याच्या भिंतीतून चढते ती उष्णता वजा केलीय, सर. भांडं रिकामं करून आधी तेवढीच मोजली, मग वजा केली. तुम्हीच शिकवलंत.”

“हं...”

सर आत गेले. स्टीलचा रिकामा पेला आणि चहाचं पातेलं घेऊन आले.

“धर.”

तिने पेला धरला. गार होता. सरांनी त्यात उकळता चहा ओतला.

“आई गं!”

पेला टेबलावर आदळला. चहा निबंधावर पसरला.

“पेला तोच आहे,” सर म्हणाले.

हेमांगी चिडून काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष पेल्याकडे गेलं.

रिकाम्या भांड्याची भिंत एकटी असते. भांडं भरलं की वायू तिला खेटून घुसळतो, आणि तीच भिंत तळाकडून कितीतरी जास्त उष्णता ओढून घेते. ती सगळी हेमांगीने वायूच्या नावावर मांडली होती. थैमान कमी असताना तर ही चूक सर्वांत मोठी.

तिने भाजलेल्या बोटांत पेन्सिल धरली. ओल्या कागदावर सुरुवातीचे ठिपके एकेक करून खाली आणले. रेघ कलली... आणि जगाच्या रेघेवर जाऊन बसली.

नवा नियम वगैरे काही नव्हतं.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने पेन्सिल खाली ठेवत विचारलं.

“तुझ्या काकू गेल्यावर. चहा स्वतः करायला लागलो तेव्हा.”

“त्याला पाच वर्षं झाली, सर.”

“हो.”

“माझी पाच वर्षं! एक फोन करायचा होतात...”

सरांनी मान वर केली. समोर चौकटीत त्यांचा स्वतःचा आलेख टांगलेला होता. तरुणपणी त्याच आलेखावर त्यांना पदक मिळालं होतं, आणि त्यातही वजाबाकी तीच, रिकाम्या भांड्याची होती.

हेमांगीने त्या चौकटीकडे पाहिलं, मग सरांकडे. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि रागावायचंही त्राण उरलं नाही. मार्चअखेर तिची नेमणूक संपत होती. तिला रडू फुटलं.

सरांनी तिला रडू दिलं. मग खुर्चीवर चढून, भिंतीला धरत धरत, ती चौकट उतरवली आणि जमिनीवर पालथी ठेवली.

“हेलियम किती उरलाय?”

“एका खेपेपुरता,” ती नाक पुसत म्हणाली. “पुढे कोणी देणार नाही.”

सरांनी टेबलावरचा पेला उचलला.

“सर?”

“म्हणजे अजून एकदा चुकता येईल.”