गुप्त खिडकी आणि पोळपाट

"सोमवारपर्यंत असा ब्राउझर शोधा, ज्यातून माझं एक अक्षर बाहेर फुटणार नाही! नाहीतर गाढवावरून धिंड आणि मग सीमेपार!" उंबरगढचे महाराज चंडप्रताप कडाडले.

"महाराज कडाडले होऽऽऽ!" त्यांच्या खांद्यामागे उभा असलेला खंडोजी भालदार गरजला.

धिंड निघायची होती ती दरबारचा संगणक-कारकून रायाजी याची. सिंहासनामागे चवरी ढाळत होती ती त्याची बायको आवडा. तिचा हात थांबला नाही. डोकं मात्र चालू झालं.

उंबरगढात सात पिढ्यांची रीत होती. महाराज जे जे करतील, ते भालदारानं पुकारायचं. शिंकले तरी पुकारायचं. खंडोजीचा आवाज थेट खालच्या बाजारापर्यंत जाई. वाड्यातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की धबधब्याशेजारी राहणाऱ्याला धबधबा ऐकू येत नाही, तसा खंडोजी कुणालाच ऐकू येत नसे. बाजाराला मात्र ऐकू येई. बाजाराचा तो धंदाच होता. आणि ही रीत मोडा म्हणणाऱ्याची जीभ छाटायची, हीसुद्धा सात पिढ्यांचीच रीत.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात सोमवारी महाराजांनी 'गरुड' ब्राउझर उघडला. वेगवान खरा, पण यंत्राची मेमरी हत्तीच्या खुराकासारखी खायचा. "टक्कल... पडल्यास... उपाय..." महाराज पुटपुटत टाइप करू लागले. मंगळवारी सकाळी वाड्याच्या दारात बारा तेली बाटल्या घेऊन हजर!

मग 'कासव' आणला. मोठा सावध. कॅमेरा देऊ का, ठिकाण सांगू का, पावलोपावली परवानगी मागायचा. वर रायाजीनं गुप्त खिडकी उघडून दिली.

"महाराजांनी गुप्त खिडकी उघडली होऽऽऽ! महाराज घोरण्यावर औषध शोधताहेत होऽऽऽ!"

बुधवारी दारात नऊ वैद्य.

त्यावर 'मुंगूस' आला. कोण काय शोधतं याच्या मागावर राहणाऱ्यांना दारातच फाडून खायचा. बुधवारी महाराजांनी ढेरीवर उपाय शोधला आणि गुरुवारी दारात चिटपाखरू नाही! महाराज खूश. त्याच खुशीत त्यांनी गुरुवारी विचारलं, 'राणीसाहेब रुसल्यास काय करावे?' शुक्रवारी दारात गजरेवाले, पैठणीवाले आणि सगळ्यांच्या पुढे खुद्द राणीसाहेब.

म्हणून हा हुकूम.

त्या शुक्रवारी दुपारी रायाजी घरी पानावर बसला, पण घास उतरेना. "अगं, तिन्ही ब्राउझर ताजे करून घेतले. महाराजांचा पासवर्ड बत्तीस अक्षरांचा ठेवला. अजून काय करू?"

"कोणता ठेवलात?"

"तुला कसा सांगू? गुप्त आहे तो!"

ओसरीवर शेंगा निवडणाऱ्या सासूबाईंनी बत्तीसच्या बत्तीस अक्षरं म्हणून दाखवली. मधला आकडासुद्धा चुकला नाही.

रायाजीच्या हातातला घास पानात पडला.

"अहो, बुधवारचं गुपित तेवढं का नाही फुटलं?" आवडानं विचारलं.

"मुंगूस चांगला म्हणून!"

"मग गुरुवारी काय, मुंगूस आजारी होता? बुधवारी खंडोजीकाकांचा घसा बसला होता."

"गप्प बस!" रायाजी पांढराफटक पडला. "जीभ छाटतील!"

"म्हणून तर मी जीभ नेणार नाही. पोळपाट नेणार आहे."

रविवारी आवडानं महाराजांपुढे पोळपाट ठेवला. "महाराज, हा चौथा ब्राउझर."

महाराजांनी तो उलटापालटा करून पाहिला. "पोळपाट दिसतोय."

"दिसायला साधा आहे. वेगही बेताचाच. पण मेमरी खात नाही, परवानगी मागत नाही, जाहिरात दाखवत नाही. वीज नाही, तार नाही. यातून फुटेल तरी कसं?"

महाराजांना पटलं. पोळपाटावर बोटं आपटत ते पुटपुटू लागले, "पलंगातले... ढेकूण... कसे... घालवावेत..."

"महाराज पोळपाटावर ढेकूण शोधताहेत होऽऽऽ!"

सोमवारी उजाडताच दारात कडुनिंबाचे भारे, दोन धुरीवाले आणि नवा पलंग घेऊन एक सुतार!

"पोळपाटातूनही फुटलं?" महाराज थक्क झाले. "तार नाही, वीज नाही, मग गेलं कुठून?"

"पोळपाटातूनही फुटलं होऽऽऽ!"

सात पिढ्यांत पहिल्यांदाच उंबरगढच्या एका राजानं सावकाश मान वळवली.

"महाराज माझ्याकडे बघताहेत होऽऽऽ!" खंडोजी गरजला.

महाराज हळूच म्हणाले, "आवडा, पण रीत? रीत कशी मोडायची?"

"मोडायची कशाला, महाराज? भालदारानं पुकारावं, एवढंच रीत सांगते. पुकारताना तोंड रिकामं असावं, असं कुठं म्हटलंय?" आवडानं पदराच्या गाठीतून मुठीएवढा डिंकाचा लाडू काढला. "आधी लाडू, मग ब्राउझर. काका, आ करा."

खंडोजीनं आ केला. लाडू आत गेला.

"आणि त्या तीन ब्राउझरांत सरस कुठला?" महाराजांनी विचारलं.

"ते आमच्या ह्यांना विचारा. पगार ते घेतात!"

महाराज आधी नुसते फुरफुरले, मग ढेरी धरून खदाखदा हसले.

"म्हंमांज हंम्मले मोंऽऽऽ!" खंडोजीनं पुकारलं.

मग तर महाराजांना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी रायाजीची धिंड माफ केली, गाढव पागेत परत धाडलं आणि आवडाला सोन्याच्या पाटल्या दिल्या. किती तोळ्यांच्या, तेही खणखणीत आवाजात सांगितलं.

"म्हंमांजांमी मांमल्या मिंल्या मोंऽऽऽ!"

त्या पाटल्या किती तोळ्यांच्या, हे आवडाच्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही.