उबेची पेटी

“पण सर, यात माझं काय चुकलं?”

मुनीरसर दर्ग्याच्या कट्ट्यावर बसून लसूण सोलत होते. सोलत राहिले.

हेरंब पुढ्यात उभा. जर्मनीतली नोकरी सोडून तो या डोंगरांत आला होता, नवजात बाळांसाठी उबेची पेटी घेऊन. दवाखान्याच्या जीपमध्ये ठेवायची, तिच्याच विजेवर चालणारी. बाराचे पाच व्होल्ट करणारं तिचं सर्किट त्याने स्वतः आखलेलं. आयुष्यातलं पहिलं. या विद्येचा श्रीगणेशा कधीकाळी पॉलिटेक्निकात मुनीरसरांनीच करून दिला होता. निवृत्त होऊन ते आता दवाखान्यामागच्या या दर्ग्यात राहत.

परवा घाटात पेटी गार पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत आतलं बाळही गार झालं होतं.

“याने चालू गाडीची बॅटरी काढली, सर! चालू गाडीची!”

रूपसिंग पावरा, जीपचा ड्रायव्हर, कट्ट्याखाली उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“वाट अडली होती, भाऊ. पिकअप बंद पडलेला, त्याची बॅटरी मेलेली. माझी लावून चालू केला, बाजूला घेतला. इकडे सगळे तसंच करतात.”

“मग आधी इंजिन तरी बंद करायचं!”

“इंजिन बंद केलं तर पेटी थंड होईल, म्हणून तर चालू ठेवलं...”

बॅटरी म्हणजे लगाम. ती सुटली की इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा दाब चौखूर उधळतो. दाब पाचावर आणणारा पेटीतला रेग्युलेटर डोळ्याचं पातं लवायच्या आत मेला असणार.

“पेटीवर ठळक लिहिलंय, सर. चालू गाडीची बॅटरी काढू नये.”

“बाळाला वाचता येत होतं?” सरांनी पुढची पाकळी सोलायला घेतली. “तपासली कशावर होतीस?”

“टेबलावरच्या सप्लायवर. आठवडेच्या आठवडे चालली. बारा म्हणजे बारा व्होल्ट, जरासुद्धा हलले नाहीत.”

“टेबल घाट चढतं का रे?”

हेरंबचे कान तापले. “आता दुरुस्त केलीय. उसळी गिळणारा डायोड घातलाय. हिशोबाने लागतो त्याच्या दुप्पट ताकदीचा. तुम्ही फक्त हो म्हणा. वरच्या पाड्यावर एक बाई अडलीय, जीप दुपारी निघायची आहे.”

सरांनी हाताला चिकटलेली सालं झटकली. उठले, आणि जीपकडे चालू लागले.

“रूपसिंगभाऊ, चालू करा.”

जीप खोकली, धडधडू लागली. हेरंबने पेटीची वायर जोडली. हिरवा दिवा लागला. त्याला वाटलं, सरांना तो दिवा बघायचा असेल.

सरांनी बॉनेट उघडलं. हत्यारांच्या डब्यातून पाना काढला आणि बॅटरीच्या नटाला लावला.

हेरंबने त्यांचं मनगट धरलं. गुरूचा हात असा अडवायची ही त्याची पहिलीच वेळ.

“सर, नको!”

“दुप्पट ताकदीचा आहे ना?”

“आहे. पण...”

“पण काय, बेटा?”

“कागदावरचा हिशोबच आहे तो. आणि पेटी ही एकच. जळली तर वर काय पाठवू?”

रूपसिंगने तोंड फिरवलं. इंजिन थरथरत होतं.

सरांनी पेटीच्या काचेतून आत पाहिलं. आत जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं, घडी घालून ठेवलेलं.

“हात सोड, हेरंब. आत्ता ती रिकामी आहे.”