वैदीणबाईची जीभ

लाइट गेलेली, लेकीला ताप, आणि औषधाच्या टोपणावरची रेघ मला धड दिसत नव्हती. नवऱ्याने विचारलं, "बरोबर ओतलंस ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय! आई आहे मी." आणि मग रात्रभर तिचा श्वास मोजत बसले. सकाळी ताप उतरला. शाल्मलीने गोष्ट मागितली, आणि मला नेमकी हीच सुचली.

फार लांब, चीनमधल्या एका थंडगार डोंगरावर एक म्हातारी वैदीण राहायची. तिथे जांभळ्या टोपड्यासारखी फुलं येणारं एक रोप उगवायचं. आपल्याकडचा बचनाग त्याचाच भाऊबंद. त्याची मुळी कच्ची असली तर विष, आणि दिवसभर उकळली तर हाडांत शिरलेली थंडी काढणारं औषध. काढा झाला की नाही, हे जिभेवर कळायचं. एक थेंब ठेवायचा. मुंग्या आल्या, तर अजून उकळायचं.

चाळीस वर्षं म्हातारीच चाखत आली. मग एका हिवाळ्यात तिला मिरचीसुद्धा लागेना. जीभ बधिर झाली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं, तर उद्यापासून दारात येणार कोण?

एक दिवस कुंभारीण धावत आली. तिचा नवरा गारठून अंथरुणाला खिळला होता. म्हातारीने मुळी उकळत ठेवली. दुपारी थेंब चाखला. जिभेला काहीच लागलं नाही.

"झालं. घेऊन जा."

"इतक्यात, आजी? मी चाखून बघू?"

"तू? या जिभेवर अख्खं गाव जगलंय, पोरी!"

कुंभारीण ओशाळली. वाटी झाकून घरी गेली.

पहिल्याच घोटाला नवरा म्हणाला, "अगं, ओठांना मुंग्या येतायत."

"आजींनी चाखलंय. प्या मुकाट्याने."

दिवेलागणीच्या आत तो गेला.

म्हातारी त्यांच्या उंबऱ्याशी येऊन बसली. "मला चव कळत नाही गं. वर्ष झालं."

कुंभारीण ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी जीभ होती की, आजी. मला विचारायचंत."

तात्पर्य, मला उमगलं तेवढं: आपल्याला कळेनासं झालं, की तेव्हाच सांगून टाकावं. मागाहून कबूल केल्याने गेलेलं माणूस परत येत नाही.

शाल्मली म्हणाली, "आई, टोपणावरची रेघ मला दिसत होती. मला विचारायचंस ना."