मागच्या चक्राचे दाते

“मागच्या चक्राला किती दाते घालू, वस्ताद? दोघं बसून घाट चढला पायजे.”

गुलाब वस्तादांनी चेनवरची नजर काढली नाही. घाटाच्या पायथ्याला त्यांचं गॅरेज. सर्जेराव त्यांच्याच हाताखाली शिकला आणि मोटरसायकलच्या शर्यती जिंकून वर्षभर हवेत होता.

“दाते कमी करू नगो म्हणलं हुतं तुला. सपाटीला पळ येती, पर चढाला ओढ ऱ्हात न्हाई.”

“तवा पळ पायजे हुती.”

“घावली?”

“घावली...”

पण तीच गाडी आईला घेऊन डोंगरावरच्या देवीला निघाली आणि निम्म्या चढावर आचके देऊ लागली. “आई, जरा उतर,” हा म्हणाला. म्हातारी उतरली, ती पुन्हा गाडीवर बसली नाही. “माझं वजन सोसत न्हाई पोराच्या गाडीला,” असं चारचौघांत हसत सांगते. ते हसणं सर्जेरावच्या जिव्हारी लागतं.

वस्तादांनी जास्त दात्यांचं मोठं चक्र बसवलं आणि स्वतःच मागे बसले.

“चल.”

गाडी कुरकुर न करता चढू लागली. सर्जेरावचा जीव भांड्यात पडला. निम्म्या चढावर खांद्यावर थाप पडली.

“थांब. उतरतो.”

“का, वस्ताद? वडतीया की!”

“तू हो म्होरं.”

वस्तादांचा शब्द मोडायचा कसा? तो वर जाऊन थांबला आणि मागे वळला. सत्तरी उलटलेले वस्ताद गुडघ्यावर हात टेकत येत होते. चार पावलं टाकायचे, थांबायचे, पुन्हा चार पावलं.

त्या दिवशी तो इथंच उभा होता. फोनवर शर्यतीच्या गप्पा मारत, घाटाकडे पाठ करून. आई कशी चढली, त्याला आजही माहीत नव्हतं.

त्याला बघवेना. गाडी तिथंच सोडून तो धावत खाली आला आणि वस्तादांचा हात खांद्यावर घेतला. डोळे भरून आले होते.

“चक्र बदललं, वस्ताद. आता तरी आई बसंल न्हवं?”

वस्ताद दम खात उभे राहिले...

“त्या दिवशीबी गाडी वरच हुती. पळत खाली का आला न्हाईस?”